खाली ऊन नाही, मग वेळ कशी कळणार? : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात गुहेत उतरण्याबद्दल लिहिलं तेव्हा वाटलं होतं प्रश्न येतील ते दोर, हेल्मेट, किती खोल जायचं असले, पण बहुतेक पत्रं उजेडाबद्दलच आली, म्हणजे खाली डोळ्यांचं काय होतं, वेळ कळते का, तिथे काही जगतं का, बाहेर आल्यावर त्रास होतो का. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, माझी मैत्रीण गुहेत जाऊन आली. ती म्हणते सगळ्यांनी लाइट बंद केले आणि थोड्या वेळाने तिला स्वतःचा हात हलताना दिसायला लागला. आमच्यातला एकजण म्हणतो हे शक्यच नाही. कोण बरोबर? आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला किती वेळ लागतो?

उत्तर : दोघंही बरोबर आहेत, आणि हे नीट समजून घ्या कारण पुढचं बरंचसं यावरच आहे.

आपण ज्याला अंधार म्हणतो तो खरा अंधार नसतोच. अमावस्येच्या रात्री उघड्या माळावर पण चांदण्यांचा उजेड असतो, अगदी कमी, एका लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) हजाराव्या भागाइतका, पण असतो, आणि भर दुपारच्या उन्हात तोच आकडा एक लाखापर्यंत जातो. आपले डोळे या सगळ्या रेंजमध्ये काम करतात, कमालच आहे. अंधारात गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत थोडं दिसायला लागतं, मग रॉड नावाच्या पेशी हळूहळू जाग्या होतात आणि पूर्ण सवय व्हायला तीस-चाळीस मिनिटं लागतात. पण ही सवय कामाला कधी येणार, तर थोडा तरी प्रकाश असेल तर. गुहेत दोन-तीन वळणं घेऊन आत गेलात की तिथे प्रकाशाचा एक कणही पोचत नाही, मग तुम्ही चाळीस मिनिटं बसा नाहीतर चार दिवस बसा, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही. तुमच्या मित्राचं म्हणणं हे आहे आणि ते शंभर टक्के खरं.

आता मैत्रिणीचं. अमेरिकेतल्या रोचेस्टर युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये नेमकं हेच तपासलं, लोकांना पूर्ण अंधारात स्वतःचा हात डोळ्यांसमोर हलवायला लावला, आणि निम्म्याच्या आसपास लोकांना हात हलताना दिसला! डोळ्यांत काहीच जात नव्हतं, पण हात कुठे आहे आणि कसा हलतोय हे मेंदूला स्नायूंकडून कळतच असतं, त्यावरून तो स्वतःच चित्र काढतो. खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी दुसऱ्याला हात हलवायला सांगा, तो कधी हलवतोय ते न सांगता. काही दिसणार नाही.

हा लाइट बंद करायचा प्रयोग जरूर करा, मला तर वाटतं त्याशिवाय गुहा पाहिलीच नाही असं समजावं, पण आधी सगळ्यांना सपाट जागी खाली बसवा, कुणी उठणार नाही हे ठरवा आणि प्रत्येकाचा हात स्वतःच्या हेडलॅम्पच्या बटणावर असू दे. पहिल्या मिनिटात लोक बोलतात, हसतात, मग एकदम गप्प होतात आणि पाणी ठिबकण्याचा आवाज कुठून कुठून येतोय ते कळायला लागतं. काहींना रंगांचे ठिपके, धूसर ढग असं काहीतरी दिसतं, घाबरू नका, तेही आपलंच आतलं असतं.

प्रश्न : ग्रुपने एक-एक टॉर्च आणायला सांगितलीये. मोबाइलचा फ्लॅश पण आहेच. पुरेल ना?

उत्तर : नाही पुरणार. आणि ज्या ग्रुपने एकच सांगितलीये त्यांना हे उत्तर दाखवा.

गुहेत जाणाऱ्या अनुभवी लोकांचा नेहमीचा नियम आहे, माणशी तीन लाइट, तिन्ही एकमेकांपासून स्वतंत्र, म्हणजे एकाची बॅटरी गेली म्हणून दुसरा बंद पडला असं होता कामा नये. मुख्य लाइट हेल्मेटवर, कारण हात दोन्ही मोकळे पाहिजेत. बाकीचे दोन पण असे की ज्यावर भरवसा ठेवून बाहेर येता येईल, खेळण्यातले नकोत. जास्तीच्या बॅटऱ्या वेगळ्या, कोरड्या डबीत ठेवा. मोबाइल यात मोजायचाच नाही, तो ओला होतो, पडतो, चिखलात हातातून सटकतो, आणि हातात धरायला लागतो हाच मोठा तोटा. पूर्वी कार्बाइडचे दिवे असायचे, कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकलं की ॲसिटिलीन गॅस तयार होतो आणि तो जळतो, उजेड छान मऊ पडायचा पण काजळीची आणि उरलेल्या चुन्याची घाण व्हायची. आता एलईडीने काम सोपं केलंय, म्हणूनच आळस करायला काही कारण उरलेलं नाही.

आणि समजा तिन्ही गेलेच, तर बसा. जिथे आहात तिथे, अंगावर असेल नसेल ते गुंडाळून, शक्यतो एकमेकांना चिकटून. चाचपडत निघायचं नाही. "रस्ता माहितीये, सरळच तर आहे" हे अंधारात सगळ्यांनाच वाटतं, पहिल्या उत्तरात न दिसणारा हात दाखवणारा मेंदू तोच आहे, तो नसलेला रस्ता पण दाखवेल. बसून राहायचं कारण वर कुणाला तरी तुमची वेळ माहितीये, आणि ती द्यायची कशी ते पुढच्या उत्तरात येतंय.

प्रश्न : माझा मुलगा कॉलेजच्या मुलांबरोबर गुहेत गेला होता. दुपारी दोनला बाहेर येतो म्हणाला, आला पाचनंतर. आमचा इथे जीव टांगणीला आणि हा म्हणतो "आई, खरंच सांगतो, आत दोन-तीन तासच झाले असं वाटलं." खोटं बोलतोय का?

उत्तर : खोटं बोलत नाहीये हो. त्याला खरंच तसं वाटलं असणार. पण म्हणून त्याचं चुकलं नाही असंही नाही, ते शेवटी सांगते.

दिवसभरात आपण घड्याळ बघतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा नकळत ऊन बघत असतो. सावली कुठे गेली, उजेड पिवळा झाला का, गरम होतंय की गार, पक्षी कुठे चाललेत. गुहेत हे सगळं एका झटक्यात जातं. खोल गुहेत तापमान वर्षभर जवळपास तेच, त्या भागातल्या वर्षाच्या सरासरीच्या आसपास, उजेड फक्त डोक्यावरच्या लाइटचा आणि तो सकाळी जसा तसाच संध्याकाळी. त्यात माणूस पुढचा पाय कुठे ठेवायचा यातच बुडालेला. मग तास कसे मोजणार?

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे मिशेल सिफ्रे, फ्रान्सचा भूगर्भशास्त्रज्ञ. १९६२ मध्ये, वय तेवीस, तो आल्प्समधल्या स्कारासोन नावाच्या गुहेत एकटा उतरला, घड्याळ न घेता. खाली बर्फ, तापमान शून्याच्या आसपास, सगळं ओलं. वर त्याची टीम होती पण त्यांना सक्त ताकीद, वेळ सांगायची नाही. तो फक्त फोन करून सांगायचा, उठलो, जेवलो, झोपतोय. फोन केला की नाडी मोजायची आणि सेकंदाला एक या हिशोबाने १२० पर्यंत आकडे म्हणायचे, म्हणजे दोन मिनिटं व्हायला हवीत ना, तर त्याला ते म्हणायला एकदा पाच मिनिटं लागली आणि त्याला पत्ताच नाही. १६ जुलैला आत गेला होता, १४ सप्टेंबरला वरून निरोप आला की प्रयोग संपला, तर त्याच्या हिशोबाने ती तारीख होती २० ऑगस्ट. पंचवीस दिवस हरवले!

तो एकटाच नाही. १९८९ मध्ये स्तेफानिया फोलिनी ही इटालियन मुलगी न्यू मेक्सिकोतल्या गुहेत १३० दिवस राहिली, तिला वाटलं साधारण दोन महिने झाले असतील. २०२१ मध्ये फ्रान्सच्या लोंब्रीव गुहेत पंधरा जणांचा गट ४० दिवस राहिला, म्हणजे एकटेपणाचा प्रश्न नाही, बोलायला माणसं होती, तरी बहुतेकांचा अंदाज तीस दिवसांच्या आसपास. आणि स्पेनची बेआत्रिस फ्लामिनी २०२३ च्या एप्रिलमध्ये बाहेर आली तेव्हा ५०० दिवस झाले होते (मध्ये तांत्रिक कारणाने काही दिवस वर तंबूत काढावे लागले होते), तिचा अंदाज होता १६०-१७०. बघा, चूक सगळ्यांची एकाच बाजूला, वेळ कमीच झाला असं वाटतं. तुमच्या मुलाचंही तेच.

आता गंमत अशी की याच सिफ्रेच्या शरीराचं घड्याळ मात्र बऱ्यापैकी ठीक चाललं होतं, झोपणं-उठणं साधारण साडेचोवीस तासांचं. मेंदूत डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर पेशींचा छोटा पुंजका आहे, तो हे घड्याळ चालवतो, आणि १९९९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी मोजलं तेव्हा माणसाचं हे घड्याळ सरासरी २४ तास ११ मिनिटांचं निघालं. म्हणजे रोज थोडं मागे पडतं आणि सकाळचं ऊन ते रोज पुढे सरकवून बरोबर लावून देतं. त्यासाठी डोळ्यांत वेगळ्या पेशी आहेत, चित्र बघायच्या नाहीत, फक्त उजेड किती हे कळवायच्या, निळसर उजेडाला त्या जास्त जागतात. ऊनच मिळालं नाही की घड्याळ सुटतं. पूर्वी शास्त्रज्ञ हा आकडा पंचवीस तास धरायचे, कारण प्रयोगातली माणसं आपल्या मर्जीने दिवे लावायची आणि तो उजेडच घड्याळ ढकलत होता. त्यामुळे गुहेत मुक्काम असेल तर रात्री उशिरापर्यंत हेडलॅम्प फुल ठेवून गप्पा मारत बसू नका, मंद करा.

पण हे लांबच्या मुक्कामाचं झालं. पाच-सहा तासांच्या ट्रिपला शरीराच्या घड्याळाला दोष देता येत नाही, तिथे साधं मनगटी घड्याळ बास. तर मुलाला सांगा, आत किती वेळ झाला असं *वाटतंय* याला काडीची किंमत नाही. घड्याळ हातात, ठरलेल्या वेळेला जिथे असाल तिथून परत फिरायचं, समोर कितीही भारी दिसत असलं तरी. आणि वर एका जबाबदार माणसाकडे दोन वेळा लिहून द्यायच्या, एक बाहेर यायची आणि दुसरी, तोवर आलो नाही तर मदत बोलवायची. दुसरी वेळ जरा सैल ठेवा म्हणजे उगाच धावपळ होत नाही. तुम्ही घरी बसून जो तीन तास जीव मुठीत धरला तो या एका कागदाने वाचला असता, आणि पुढच्या वेळी तो कागद तुमच्या हातात असल्याशिवाय त्याला सोडू नका.

प्रश्न : मी नववीत आहे. सूर्यप्रकाश नसेल तर प्रकाशसंश्लेषण नाही, मग गुहेत खोल काही जगतच नसेल ना? आणि वटवाघळांना संध्याकाळ झाली हे आत बसून कसं कळतं?

उत्तर : प्रश्न मस्त आहेत तुझे. आधी वटवाघळांचं. आपल्यासारखं त्यांच्याही आत घड्याळ असतं, पण ती त्याच्यावर पूर्ण विसंबत नाहीत. संध्याकाळ जवळ आली की काही वटवाघळं गुहेच्या तोंडापर्यंत उडत येतात, बाहेर उजेड किती शिल्लक आहे ते बघतात आणि परत आत जातात, असं बऱ्याचदा, मग पुरेसा अंधार झाला की सगळी निघतात. जमलं तर उन्हाळ्यात एखाद्या गुहेबाहेर लांब शांत बसून बघ, टॉर्च न मारता.

आता झाडांचं. गुहेच्या तोंडाशी नेचे, शेवाळ भरपूर असतं, जसजसं आत जाशील तसं नेचे संपतात, मग शेवाळ, मग दगडावर नुसता हिरवा थर, आणि मग तोही संपतो. कुठे संपतो ते बघितलंस की उजेड किती आत येतो याचा नकाशाच मिळतो, मोजायचं यंत्र लागत नाही. युरोप, जपान, उत्तर अमेरिकेत अशा जागी शिस्टोस्टेगा नावाचं एक शेवाळ असतं. त्याच्या कोवळ्या धाग्यांतल्या पेशी भिंगासारख्या गोल असतात, जेवढा काय उजेड येईल तो गोळा करून आतल्या हिरव्या कणांवर टाकतात, आणि उरलेला आल्या दिशेने परत जातो. त्यामुळे उजेडाकडे पाठ करून बघितलं तर ते सोनेरी-हिरवं चमकतं आणि जरा बाजूला झालं की विझतं.

त्याच्या पुढे खोल गेलं तरी जीव असतातच, फक्त बहुतेक जण बाहेरून आलेल्या अन्नावर जगतात, पुराबरोबर आलेला पाला, वटवाघळांची विष्ठा, असं. म्हणजे सूर्यच, पण उधारीचा. मेक्सिकोत टेट्रा नावाच्या माशाची एकच जात नदीत डोळेवाली आहे आणि गुहेत बिनडोळ्यांची, गुहेतल्या पिल्लाला सुरुवातीला डोळे बनायला लागतात आणि मग विरून जातात. पण तुला जे हवंय ते उदाहरण रोमानियातलं, मोविले गुहा. १९८६ मध्ये खोदकाम करताना सापडली, बाहेरच्या जगापासून सुमारे पंचावन्न लाख वर्षं बंद होती असं मानतात. तिथल्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड आहे, काही जिवाणू त्या रसायनातून ऊर्जा घेऊन अन्न बनवतात आणि त्यांच्यावर कोळी, गोगलगायी, जळवा अशी अख्खी साखळी उभी आहे. उन्हाशिवाय! शाळेत सांग हे सरांना.

उलटं पण होतं. गुहेत कायमचे दिवे लावले की दिव्याभोवती हिरवं उगवतं, जिथे ते कधीच असायला नको. फ्रान्समधली लास्को गुहा, हजारो वर्षांपूर्वीची चित्रं, १९४० मध्ये सापडली, लोकांसाठी उघडली आणि दिवे, गर्दी, श्वासांमुळे भिंतींवर शेवाळ चढायला लागलं, शेवटी १९६३ मध्ये बंद करावी लागली. हे वाचून मला दर वेळी वाईट वाटतं. आपण आत नेलेला उजेड पण पाहुणाच आहे, काम झालं की परत न्यायचा.

प्रश्न : दोन दिवस गुहेत राहिल्याने व्हिटॅमिन डी कमी होईल का?

उत्तर : नाही. शरीरात साठा असतो आणि तो निम्मा व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात. महिनोन् महिने खाली राहणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलावं, तुम्ही बॅटऱ्यांची काळजी करा.

प्रश्न : बाहेर आल्यावर एकदम उन्हाने डोळे खराब होतात का? खाणीतले लोक काळे चष्मे लावून आले होते ते टीव्हीवर पाहिलंय.

उत्तर : ते चिलीतलं, २०१० सालचं. ३३ खाणकामगार सुमारे ७०० मीटर खाली अडकले होते, ६९ दिवसांनी वर आले. इतके दिवस मंद उजेडात काढल्यावर डोळ्यांना जपणं योग्यच होतं. तुमच्या एका दिवसाच्या ट्रिपला तशी भीती नाही, उजेडाची सवय अंधारापेक्षा खूप लवकर होते, एक-दोन मिनिटांत डोळे सावरतात, थोडं पाणी येईल इतकंच.

खरी अडचण आत जाताना असते आणि ते कुणी सांगत नाही. उन्हातून थेट आत शिरलात की डोळे अजून बाहेरच्या उजेडाला लागलेले असतात, हेडलॅम्प लावलेला असूनही जमीन नीट दिसत नाही आणि नेमकी तिथेच तोंडाशी दगडांची रास, ओल, शेवाळ. म्हणून आत शिरल्यावर अर्धवट उजेडाच्या पट्ट्यात दहा मिनिटं थांबा, पट्टे घट्ट करा, लाइट तपासा, पाणी प्या, मग पुढे. आणि येताना तोंडाशी उजेड दिसला की सगळे पळत सुटतात, पाय दमलेले असतात, शेवटच्या त्या दगडांवर तरी सावकाश या. बाहेर रात्र झालेली असू शकते हेही धरून चला, एक लाइट गाडीपर्यंतच्या वाटेसाठी शिल्लक पाहिजे.

प्रश्न : छताच्या भोकातून गुहेत उन्हाचा झोत पडतो असे फोटो खूप दिसतात. तो बघायला कधी जायचं?

उत्तर : सूर्य डोक्यावर असताना, भोक सरळ वर असेल तर दुपारच्या आसपास आणि उन्हाळ्यात, हिवाळ्यात सूर्य खाली असतो तेव्हा बऱ्याच ठिकाणी ऊन भोकाच्या भिंतीवरच अडतं, तळापर्यंत येत नाही. व्हिएतनामच्या सोन डूंग गुहेत छत दोन ठिकाणी कोसळलंय आणि तिथून येणाऱ्या उन्हावर आत चक्क जंगल वाढलंय. झोत दिसतो तो हवेतल्या धुक्यामुळे, धुळीमुळे, हवा स्वच्छ कोरडी असेल तर खाली फक्त कवडसा दिसेल.

आणि तो कवडसा फोटो काढून सोडून देऊ नका, बघत बसा. भोक बारीक आणि खूप वर असेल तर खाली पडलेलं गोल हे भोकाचं नसतं, ते सूर्याचं चित्र असतं, भोक वेडंवाकडं असलं तरी खाली गोलच पडतं. तीस मीटर वरून आलं तर साधारण २८ सेंटिमीटरचं. त्याच्या कडेला एक खडा ठेवा, दोन मिनिटांत ते स्वतःच्या रुंदीइतकं सरकलेलं असतं. मनगटावरचं घड्याळ सोडलं तर आत घड्याळ म्हणून भरवसा ठेवावा अशी ही एकच गोष्ट आहे, तीही ऊन आहे तोवर.

आकाशाची खबर पण तुम्हाला तिथेच मिळते, आणखी आत गेलात की वर पाऊस सुरू झाला हे कळायला काहीच मार्ग नाही. थायलंडमध्ये २०१८ च्या जूनमध्ये बारा मुलं आणि त्यांचे कोच थाम लुआंग गुहेत गेले, पावसाचं पाणी आत भरलं आणि बाहेरचा रस्ता बंद झाला, २३ जूनला गेलेले २ जुलैला सापडले आणि सगळे बाहेर यायला १० जुलै उजाडला. त्यांना काढताना आणि नंतर त्यामुळे मिळून दोन बचावकर्त्यांचा जीव गेला. तेव्हा पावसाळ्यात पाण्याच्या गुहेत जायचंच नाही, बाकीच्या दिवसांत पण निघायच्या आधी हवामानाचा अंदाज बघायचा, गुहेच्या जवळचा नाही, जिथून पाणी येतं त्या वरच्या भागाचा. आणि कवडशापाशी बसलेले असताना तो अचानक फिका पडला, गेला, परत आलाच नाही, तर बॅगा उचला आणि निघा.